शरण या शब्दाचा तर्जुमा

कारैकाल,
ता. ६ सप्टेंबर १९१०

रघुनाथ अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून सेतुराम लिहितो की,

मी सुखरूप पोहोचलो. पेरळमला गाडी बदलली तेव्हा एक हवालदार डब्यात चढला आणि नेमका माझ्या शेजारी बसला. "वाद्यारे, वेळ काय झाली?" म्हणाला. नेसलेल्या वेट्टीला खडू लागला होता, त्यावरून त्याने मला शाळामास्तर म्हणून ओळखलं. वॉरंटातला माणूस म्हणून ओळखलं नाही. मी वेळ सांगितली. पुढच्या स्टेशनाला तो उतरला आणि त्याच्या पुढे फ्रेंच हद्द लागली.

अलमेलू नावाच्या बाईंच्या घरी पडवीतली खोली मिळाली आहे. बाई देवळापुढे फुलं विकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "रावजी, चोरी करून आलास की बायको टाकून?" मी म्हणालो, भाषण करून आलो. "म्हणजे दुसरं काम नसलेला," म्हणाल्या आणि पानावर आणखी भात वाढला.

तुम्हांला सगळं ठाऊक आहेच. दारासुरमच्या विणकरांपुढे मी बोललो आणि जे बोललो ते पांडुरंगरावांच्या छापखान्यात चार पानांत छापून वाटलं. तेवढ्यावर राजद्रोह झाला. इथे राहायचं तर कचेरीत जाऊन आपण कोण, कशासाठी आलो, हे साहेबांपुढे सांगावं लागतं. त्यांना पटलं तर राहू देतात. नाही पटलं तर हद्दीच्या चौकीपर्यंत पोहोचवतात, आणि चौकीपलीकडे आपले पोलीस असतातच. मी काय सांगू, कसं सांगू, ते तुम्ही लिहा. कॉलेजात कायद्याची पुस्तकं तुम्ही वाचलीत, मी नुसती वाहिली.

माझ्या आईची पूजेची भांडी असलेली पेटी वहिनींच्या कोठीत ठेवून आलो आहे. ती तशीच असू द्या. किल्ली चुकून माझ्याकडे राहिली.

हे मोडीत लिहितो आहे. टपाल फोडलं तरी वाचणार कोण? मोडीचा तर्जुमा करणारा सरकारी माणूस कुंभकोणात एकच उरला आहे आणि हे पत्र त्याच्याच पत्त्यावर येतं आहे.

तुमचा
सेतुराम


कुंभकोणम्,
ता. १५ सप्टेंबर १९१०

चिरंजीव सेतुरामास अण्णाचे आणि भवानीवहिनीचे आशीर्वाद.

तुझे पत्र आठ दिवस माझ्या कोटाच्या खिशात होते. कोर्टात सरकारी तर्जुमे करणाऱ्या माणसाने वॉरंट निघालेल्या मावसभावाला सल्ला द्यावा काय, हा प्रश्न मी रोजनिशीत तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. शेवटी भवानी म्हणाली, "सल्ला द्यायचा नसेल तर देऊ नका, पण कोट धुवायला जाण्याआधी पत्र तरी बाहेर काढा." तेव्हा लिहायला बसलो. तू माझ्या आईच्या हातचे जेवून वाढलास. मावसभाऊ हा शब्द आपल्या घरात फक्त पाहुण्यांना समजावण्यापुरता वापरला गेला.

कॉलेजच्या ग्रंथालयात राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्यावर दोन जाड पुस्तके आहेत. दोन्ही पाहिली. तुला वाटते तसे त्यांत काही नाही. पळून आलेल्या माणसाला आसरा मागण्याचा हक्क नाही. आसरा देण्याचा हक्क राज्याला आहे, ते देईल किंवा देणार नाही. पळून आलेला म्हणजे नक्की कोण, याची व्याख्याही मला कुठे सापडली नाही. गुन्ह्यांच्या याद्या पानोपानी आहेत, माणसाची व्याख्या नाही.

एक गोष्ट मात्र आहे. ज्याचा गुन्हा राजकीय, त्याला परत द्यायचे नाही, असे दोन्ही सरकारे मानतात. खून, चोरी, खोटे दस्त यांसाठी द्यायचे. म्हणून हुशार सरकार राजद्रोहाचे नाव काढत नाही, चोरीचे वॉरंट पाठवते. तू पेपर वाचतोस. यंदा जुलैत फ्रान्सच्या एका बंदरात आपल्या एका माणसाने बोटीतून उडी टाकली आणि किनारा गाठला. तिथल्या शिपायाला काय प्रकार आहे ते कळले नाही, आणि त्याने त्याला धरून पुन्हा बोटीवर दिले. ही चूक झाली की नाही, आणि झाली असेल तर माणूस परत द्यावा की नाही, यावर आता दोन सरकारांचे भांडण लागले आहे. एका शिपायाच्या गैरसमजावर एक सबंध आयुष्य.

म्हणून तुला एकच प्रश्न विचारतो. भाषण आणि तो छापील कागद, याखेरीज तुझ्या हातून काही झाले आहे काय? क्षुल्लक वाटले तरी लिही. तुझा पाय कुठे घसरेल ते मला आधी कळले पाहिजे.

रघुनाथ


कारैकाल,
ता. २२ सप्टेंबर १९१०

अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र अलमेलूबाईंना तमिळमध्ये सांगितलं. हक्क देणाऱ्याचा, मागणाऱ्याचा नाही, हे त्यांना फार पटलं. म्हणाल्या, "देवळापुढे चाळीस वर्षं बसते आहे. यासाठी जाड पुस्तक कशाला लागतं?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: भाषण आणि कागद. दुसरं काही नाही.

आता माझी अडचण ऐका. तीन दिवस कचेरीच्या ओट्यावर बसून पाहिलं. साहेब फ्रेंच बोलतात. मधे एक तमिळ दुभाषी उभा असतो. लोक येतात, रडतात, मुलांबाळांपासून सांगायला लागतात. काल एकाने जमीनदाराचा छळ सांगता सांगता आपल्या दोन्ही गाईंची नावंसुद्धा सांगितली. दुभाष्याने सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना चार शब्द सांगितले. मी शेजारच्याला विचारलं, काय सांगितलं? तो म्हणाला, "काम शोधायला आलाय." दुपारच्या आत त्याला चौकीवर नेलं. त्याच्या गाईंची नावं मला अजून पाठ आहेत.

माझंही तसंच होईल. मी विणकरांपासून सुरुवात करीन आणि त्याचं होईल, 'शाळामास्तर आहे, शाळा सुटली.' मला असा शब्द द्या की ज्याला कात्री लावता येणार नाही. तुमचा जन्म शब्दांत गेला.

सेतुराम


कुंभकोणम्,
ता. १ ऑक्टोबर १९१०

चिरंजीव सेतुरामास आशीर्वाद.

तुझ्या त्या दोन वाक्यांनी माझ्या छातीवरचे ओझे उतरले. आता मोकळेपणाने लिहितो.

तू मागितलेल्या शब्दासाठी मी चार दिवस घेतले. प्रथम आसरा घेतला. पण आसरा पावसात झाडाखाली थांबणाऱ्याला मिळतो, पाऊस ओसरला की जा म्हणतील. आश्रय राजे लोक पंडितांना आणि गवयांना देत असत. साहेब विचारतील, तुला काय गाता येते? अभय चांगला वाटला होता, परंतु ते मागणारा आधी भ्यालेला दिसतो, आणि भ्यालेल्याने काहीतरी केलेले असते असे सगळ्यांना वाटते. भवानी मधेच म्हणाली, "एवढ्या वेळात तो पायी परत येईल."

शेवटी शरण या शब्दावर थांबलो. आपण भजनमठात विठोबापुढे म्हणतो तोच. त्यात लाचारी नाही. ज्याच्या दारी उभे राहायचे ते दार आपण निवडलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि मुख्य गोष्ट ही की तमिळमध्येही तो शब्द जसाच्या तसा आहे. तुझ्या तोंडून जो निघेल तोच दुभाष्याच्या कानात जाईल. कमीजास्त करायला त्याला जागाच नाही.

तेव्हा स्वतः जा. वकील नेऊ नकोस. 'मी शरण आलो आहे' एवढेच म्हण आणि थांब. आपण होऊन आलास काय असे विचारले तर होय म्हण, कारण कुणी पाठवलेला माणूस संशयास्पद असतो. दिवस ठरला की कळव. त्या दिवशी मी रजा काढून भजनमठात बसेन.

कृष्णमूर्ति तुला आठवत असेल. कॉलेजात माझ्या बाकावर होता, आता पोलिसांत इन्स्पेक्टर आहे. रविवारी येऊन ओट्यावर बसतो. मागच्या खेपेस सहज विचारावे तसे विचारले, "सेतु कसा आहे?" मी कावेरीला पाणी किती आले ते सांगितले.

रघुनाथ


कारैकाल,
ता. ११ ऑक्टोबर १९१०

अण्णांना नमस्कार.

ठरलं. येत्या सोमवारी, सतरा तारखेला, कचेरीत जाऊन शरण जातो. तुम्ही दिलेलं वाक्य पाठ आहे. अलमेलूबाईंपुढे रोज म्हणून दाखवतो. त्या म्हणतात, "मान जरा वर कर, तू देवाकडे नाही, सरकारकडे चालला आहेस."

तुमच्या पत्रांमुळे मी इथे माणूस झालो, अण्णा. इतके दिवस नुसता पळालेला होतो.

पेटी कुणी हलवली नाही ना?

सेतुराम


तंजावर, सबजेल,
ता. २४ ऑक्टोबर १९१०

अण्णांना नमस्कार.

हे पत्र माझे वकील गुरुमूर्ति यांच्या हाती देतो आहे. ते स्वतः तुमच्याकडे पोहोचवतील.

सोमवारी काय झालं ते तुमच्या कानांवर आलंच असेल, पण जसं झालं तसं कुणी सांगितलं नसेल. मी दहा वाजता गेलो. धुतलेला अंगरखा घातला होता. ओट्यावर तुमचा कृष्णमूर्ति साध्या कपड्यांत बसला होता आणि बाजूला दोन माणसं. मला वाटलं, बसेना का, हद्द फ्रेंचांची आहे. आत साहेबांपुढे आधीच एक कागद होता. दुभाष्याने विचारलं, "आपण होऊन आलास?" मी म्हणालो, होय. "कुणी जबरदस्ती केली?" नाही. "कशासाठी आलास?" मी मान वर करून म्हणालो, शरण आलो आहे.

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं, दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने मान डोलावली. साहेब उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मला वाटलं, झालं. मग कृष्णमूर्ति आत आला.

तो कागद मला चौकीवर दाखवला. माझं अकरा तारखेचं पत्र टपालात फोडलं होतं आणि त्या एका ओळीचा इंग्रजी तर्जुमा करून साहेबांकडे धाडला होता. इंग्रजीत माझ्या वाक्याचं असं झालं होतं: 'सोमवारी कचेरीत जाऊन स्वतःला स्वाधीन करतो.' राजकीय गुन्हा की चोरी, हे पाहायची साहेबांना गरजच पडली नाही. जो आपण होऊन स्वाधीन होतो त्याला कसला करार आणि कसला कायदा? मी तीनदा खरं बोललो आणि तिन्ही वेळा त्या कागदाला दुजोरा दिला.

खाली सही नव्हती. तंजावरच्या दफ्तरातला कुणी म्हातारा असावा, आपल्या घरातली बोली न कळणारा. त्याच्यावर मी रागावत नाही. शब्दालाच दोन तोंडं निघाली.

आता तुमच्यावर सगळं आहे. वॉरंट चोरीचं आहे, पण भाषणाबद्दलचा खटला मागून येणारच. गुरुमूर्ति म्हणतात, मोडीच्या सरकारी माणसाने कोर्टात येऊन सांगितलं की इथे शरण म्हणजे आसरा मागणं, स्वाधीन होणं नव्हे, तर मला चुकीने दिलं असं ठरतं, आणि मग पाँडिचेरीच्या फ्रेंच सरकारकडे अर्ज करता येतो की हा माणूस इंग्रजांकडून परत मागा. कोर्ट ज्याचं मानील असा माणूस जिल्ह्यात एकच आहे. चौदा नोव्हेंबरला तारीख आहे.

सेतुराम


कुंभकोणम्,
ता. ३० ऑक्टोबर १९१०

सेतुराम,

सरस्वतीपूजेच्या दिवशी भवानीला पाटावर ठेवायला मावशीची समई हवी होती. किल्ली नव्हती म्हणून तिने बत्त्याने कुलूप तोडले. वर तुझी जुनी वेट्टी होती. खाली समई नव्हती, भांडी नव्हती. अक्षरांचे शिशाचे खिळे होते, पांडुरंगरावांच्या छापखान्यातले, पेटी भरून. भवानी म्हणाली, "आज आयुधपूजाच आहे, यांनाही कुंकू लावू का?" आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

मी तुला एकच प्रश्न विचारला होता. तू दोन वाक्यांत उत्तर दिलेस आणि पुढे त्या माणसाच्या गाईंच्या नावांबद्दल लिहिलेस. मी ग्रंथालयात बसून तुझ्यासाठी चोरी आणि राजकारण यांतली रेघ शोधत होतो तेव्हा चोरीचा माल माझ्या कोठीत होता. तू सरकारला फसवलेस ते मी समजू शकतो. मला का?

खिळे मी दोन खेपांत कावेरीत टाकले. मुठीमुठीने टाकावे लागले, कारण पेटी उचलवेना.

साक्षीला येण्यासाठी वरून परवानगी लागते. अर्ज केला आहे.

रघुनाथ


तंजावर, सबजेल,
ता. ५ नोव्हेंबर १९१०

अण्णा,

तुम्ही मला मारायला हवं होतं. मी समोर नव्हतो म्हणून पत्र लिहिलंत.

पांडुरंगराव भ्याले होते. पोलीस येण्याआधी त्यांना ते खिळे वितळवायचे होते. ज्या अक्षरांनी तो कागद छापला ती वितळताना मला पाहवेना, म्हणून उचलली. ही चोरी आहे, आणि ती मी कोर्टात कबूल करीन. तुम्हांला सांगितलं नाही याचं कारण वेगळं आहे. तुम्हांला कुणी विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. लहानपणी मी आंबे पाडायचो आणि तुम्ही माळ्याला नेऊन संख्या सांगायचा. तुम्हांला खोटं बोलता येत नाही. म्हणून तुमच्या वाटचं खोटं मी बोललो.

चुकलो. पण खिळ्यांची शिक्षा खिळ्यांपुरती होऊ द्या. तुम्ही शब्दापुरते या. एकच वाक्य बोलायचं आहे आणि ते खरं आहे. तेवढं तर तुम्हांला येतंच.

सेतुराम


कुंभकोणम्,
ता. १२ मार्च १९११

चिरंजीव सेतुरामास,

चार महिने तुला पत्र लिहिले नाही. चौदा नोव्हेंबरला मी साक्षीला आलो नाही, त्यानंतर काय तोंडाने लिहावे हे कळेना. चोरीसाठी तुला सहा महिने झाले आणि मग भाषणासाठी तीन वर्षे. पांडुरंगराव साक्ष देताना रडले असे गुरुमूर्तींनी सांगितले. मी ऐकून घेतले आणि रोजनिशीत त्या दिवशी पाऊस पडल्याचे लिहिले.

परवानगीचा अर्ज मी केला नव्हता.

आता क्रमाने लिहितो. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, पेटी उघडल्याला दोन दिवस झाले असता, कृष्णमूर्ति ओट्यावर आला. रविवार नव्हता. त्याने तुझे अकरा तारखेचे पत्र काढले आणि म्हणाला, "हे तुझ्याच नावचं आहे, रघुनाथा. आम्हांला वाचता येत नाही. तेवढं वाचून दे."

मी म्हणालो, "माझे पत्र फोडून मलाच वाचायला देतोस?"

"तंजावरला पाठवू? तिथला माणूस तुझं नावसुद्धा इंग्रजीत उतरवील. मग तुझी आधीची पत्रं मागतील, मग घर पाहतील. इथे केलंस तर मला एक ओळ पुरे आहे. तुझी सहीदेखील नको."

घर पाहतील, हे त्याने पान खाता खाता म्हटले. तिथून दहा पावलांवर कोठीचे दार होते आणि आत ती पेटी तशीच होती.

मी सोमवारची ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "शरण? आमच्यात शरण म्हणजे हार मानणं. तुमच्यातही तेच ना?" मी म्हणालो, तोही एक अर्थ आहे. "मग तोच लिही," तो म्हणाला आणि दौत पुढे सरकवली.

तुला शब्द सुचवला तेव्हा मनात कपट नव्हते, हे तू मानशील की नाही ठाऊक नाही. तेव्हा मला त्याची दुसरी बाजू दिसली नव्हती. घरातल्या शब्दाची पाठ घरात राहून दिसत नाही. ती कृष्णमूर्तीने ओट्यावरून दाखवली.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की भीतीने लिहिले. भीती होतीच, आणि भीतीला लोक क्षमा करतात. पण तुला खरे सांगायचे तर ते तसे नव्हते. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते, आणि तू कोणता धरला आहेस तेही ठाऊक होते. पेटी उघडल्यापासून मी रागात होतो, आणि तुला दुखवावे म्हणूनच दुसरा लिहिला.

त्या बंदरातल्या प्रकरणाचा निकाल गेल्या महिन्यात लागला. पंचांनी म्हटले आहे की माणूस धरून देण्यात गैर घडले, परंतु दुसऱ्याच्या शिपायाने चूक केली म्हणून माणूस परत देण्याचे बंधन कोणत्याही सरकारावर येत नाही. मी तो निकाल ग्रंथालयात उभ्यानेच वाचला. चूक कबूल आणि माणूस आत. त्यापेक्षा अधिक मीही तुला काही देत नाही आहे, हे मला कळते.

क्षमा मागत नाही. ती देण्याचा हक्क तुझा आहे.

रघुनाथ


त्रिचनापल्ली, सेंट्रल जेल,
ता. ९ एप्रिल १९११

श्रीयुत रघुनाथ राव, सरकारी तर्जुमाकार, कुंभकोणम्, यांना.

हे पत्र तमिळमध्ये पाहून तुम्हांला नवल वाटेल. आपण दोघे एकमेकांशी घरात कधी तमिळ बोललो नाही. अण्णा हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे, म्हणून तो वर लिहिला नाही. सारख्या शब्दांची मला आता धास्ती वाटते.

तुमचं पत्र मिळालं. ऑफिसातून दोन कागद एकत्र टाचून दिले. वर तुमचं मराठी पत्र आणि खाली त्याचा इंग्रजी तर्जुमा. इथला नियम असा आहे की परक्या लिपीतलं पत्र तर्जुमा होऊन आल्याशिवाय कैद्याला देत नाहीत. मोडीचा सरकारी माणूस कोण आणि कुठे असतो, हे ऑफिसने वहीत पाहिलं आणि टपालाने पाठवून दिलं. पत्राखालची सही मोडीत होती, त्यामुळे ते कुणाचं आहे हे पाठवणाऱ्याला कळलं नाही. तुम्हांला कळलं असेल.

मी आधी मराठी वाचलं. पेटीची गोष्ट वाचली, ओट्याची वाचली, रागाची वाचली. त्या रागाच्या ओळींपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. खरं सांगतो, मी तुम्हांला तिथे क्षमा केली होती. भीतीने लिहिलं असं तुम्ही म्हणाला असतात तर कदाचित केली नसती. तुमच्या घरात मी काय ठेवलं होतं, ते मलाही आठवतं. राग मला समजला. आंब्यांची संख्या माळ्याला सांगणारा माणूस पुन्हा भेटल्यासारखं वाटलं.

मग इंग्रजी वाचलं.

तर्जुमा चांगला आहे. या खेपेस शरण या शब्दाचं बरोबर इंग्रजी केलं आहे, आसरा मागणं असं. कृष्णमूर्तीचं नाव जिथे आहे तिथे 'एक ओळखीचा माणूस' झाला आहे, ते मी समजू शकतो. भीती होतीच, हे वाक्य आहे. भीतीला लोक क्षमा करतात, हेही आहे. त्यापुढे कंसात लिहिलं आहे: 'येथील काही ओळी पुसट, वाचता येत नाहीत.' आणि मग सरळ बंदराचा निकाल. शेवटी ठसा आहे, हा खरा तर्जुमा आहे म्हणून, आणि त्याखाली तुमची सही आहे. त्या पहिल्या कागदावर नव्हती, या कागदावर आहे.

मूळ पत्रातल्या त्या ओळी मी उजेडात धरून पाहिल्या. शाई पसरलेली नाही, कागद दुमडलेला नाही. मी मोडी शिकलो ते तुमची अक्षरं गिरवून. तुमच्या हातचं अक्षर मला आजवर कधी पुसट दिसलं नाही.

वहिनींना नमस्कार सांगा. अलमेलूबाई दर महिन्याला गुरुमूर्तींकडे निरोप पाठवतात की पडवीतली खोली रिकामी ठेवली आहे.

तुम्ही उत्तर लिहाल. लिहिल्याशिवाय तुम्हांला राहवणार नाही. ते मराठीत लिहू नका. माझ्याकडे येण्याआधी ते तुमच्याकडे जातं.

सेतुराम